नाश्ता साडेसातला मिळेल का हो?

माणसाला मधुमेह व्हायचाच असेल तर त्याने निदान मालेगाव तालुक्यात राहू नये. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली आमच्या रावळगावला साखर कारखाना काढला आणि नुसत्या साखरेवर भागेना म्हणून १९४२ पासून तिथे गोळ्या-टॉफ्याही होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, लॅको. आमच्या पिढीने याच गोळ्यांवर दात किडवले आणि दातांच्या डॉक्टरांची पोरं शिकवली. पलीकडे दाभाडीला तेव्हा गिरणा कारखाना होता. तिकडे निघालेल्या बैलगाडीतून ऊस ओढणं हा त्या काळी गुन्हा नव्हता, शाळा सुटल्यानंतरचा खेळाचा तास होता. २०२४ साली रावळगावच्या गोळ्यांचा ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतला, तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "यातले दोन-चारशे रुपये तरी तुझे असतील."

तर मला शुगर आहे. बरीच वर्षं गोळ्यांवर निभावलं, आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. माझ्या इन्सुलिनचा नियम एका ओळीचा आहे: टोचायचं आणि अर्ध्या तासाने जेवायचं. घरी हा नियम पाळायला फार अक्कल लागत नाही. कुकर चढवला की सुई, पोळी तव्यावरून उतरली की ताट. स्वयंपाक आपल्या हातात असला की घड्याळही आपल्याच हातात असतं. पण घराला कुलूप लावून हॉटेलात उतरलं की सुई माझ्या हातात आणि ताट दुसऱ्याच्या. मधला अर्धा तास नेमका कोणाच्या ताब्यात, हे आजवर एकाही हॉटेलवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलेलं नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढलं. हॉटेलच्या किचनला वेळेवर जागं करणारं इंजेक्शन मात्र अजून कोणी काढलेलं नाही.

जेवण लांबलं तर शुगर उतरते. सत्तरच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात आणि समोरच्या माणसाचे सगळे जुने गुन्हे एकदम आठवतात. मी चिडले की हे आधी माझं बोट टोचून शुगर बघतात. आकडा व्यवस्थित निघाला तरच चिडण्याचं कारण विचारतात. आकडा कमी असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट. पर्समध्ये रावळगावच्या गोळ्याही असतात, पण डॉक्टर म्हणतात ग्लुकोजच बरं, ते लवकर चढतं. चॉकलेट तर अजिबात नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. म्हणजे आयुष्यात ज्या एका प्रसंगी चॉकलेट खायला सबळ कारण मिळालं असतं, तिथेही ते चालत नाही.

मुलं हॉटेलं शोधून लिंका पाठवतात. निळंशार पाणी, त्यात बुडालेली माणसं, पलंगावर टॉवेलचे हंस. मला त्या हंसांशी कर्तव्य नाही. मला हवी असलेली माहिती कोणी फोटोत दाखवत नाही: जेवायची जागा कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू का, चहात साखर आधीच घालतात का आणि किचनमधला माणूस खरा किती वाजता उठतो. म्हणून मी फोन करते.

"नाश्ता किती वाजता असतो हो?"

"साडेसात ते दहा, मॅडम. कॉम्प्लिमेंटरी आहे."

"म्हणजे साडेसातला पोहे ताटात असतात?"

"हो मॅडम, साडेसातला सुरू होतं."

"काय सुरू होतं?"

पलीकडे थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग प्रामाणिक आवाज येतो. "तयारी."

ह्यात त्या मुलाची चूक नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांना नाश्ता कधी संपतो तेवढंच जाणून घ्यायचं असतं. कधी सुरू होतो असं विचारणारी गिऱ्हाइकं दोनच, पहाटेच्या दर्शनाला निघालेली आणि सुईवाली. आणि आम्हा मालेगावकरांच्या सवयी तर आधीच बिघडलेल्या. आमच्याकडे लूम पाळ्यांवर चालतात, त्यामुळे रात्री दोनला मोसम पुलाकडे गेलात तरी कोणीतरी चहा उकळत असतंच. असल्या गावातून उठून डोंगरावरच्या रिसॉर्टला जायचं आणि रात्री साडेनऊलाच "किचन क्लोज झालं, मॅम" ऐकायचं, म्हणजे काय ते शुगरवाल्यालाच विचारा.

आता ह्यांच्याविषयी. हे मालेगाव आगारात वाहतूक नियंत्रक होते. अख्खी नोकरी गाड्यांच्या वेळा आणि फलाटांवर पुकारे करण्यात गेली. निवृत्तीनंतर आगार सुटलं, पण नियंत्रण आणि आवाज दोन्ही घरी आले. माझी शुगर हा आता त्यांचा मार्ग आहे, जेवणं हे थांबे आणि मी ही एकुलती एक गाडी. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे त्यात नाश्त्याची जाहिरातीतली वेळ, नाश्त्याची खरी वेळ आणि फरक अशा तीन रकान्यांच्या नोंदी असतात. एका ठिकाणी फरकाच्या रकान्यात त्यांनी मिनिटं न लिहिता "गाडी रद्द" लिहिलं आहे.

वहीचं काही वाटत नाही. पण हॉटेलच्या काउंटरवर हे पुकारा करतात. आधारकार्ड पुढे सरकवता सरकवता, फलाट क्रमांक तीनवरच्या आवाजात, "हिला शुगर आहे, इन्सुलिनवर आहे, जेवण वेळेवर लागेल!" सोफ्यावरची माणसं माना वर करतात. मग पाच मिनिटं सल्ल्यांचा पाऊस. जांभळाच्या बियांची पूड घ्या. मेथ्या भिजवून घ्या. कारल्याचा रस घ्या, पण अनशापोटी. हमखास एक गृहस्थ सांगतात की साखर वाईट, गूळ चालतो. गूळही रक्तात जाऊन साखरच होतो हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो, कारण त्यांचे मेहुणे रोज गुळाचा चहा पितात आणि ठणठणीत आहेत. एवढ्यात ट्रे येतो. त्यात नारिंगी रंगाचं गार पाणी, काठावर साखर लावलेला पेला आणि कागदी छत्री. वेलकम ड्रिंक. तो घेऊन येणाऱ्या पोराने आत्ताच सगळं ऐकलेलं असतं, तरी तो ट्रे पुढे करतो. मी नको म्हणते. तो म्हणतो, "थोडं घ्या ना मॅडम, काही होत नाही."

दुसरा मोठा विषय फ्रीज. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरायला काढलेलं पेन तीसच्या आतल्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं. एसी खोली असेल तर उघड्या पेनाला फ्रीजची गरजच नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पण आमचं गाव मालेगाव. मे महिन्यात टीव्हीवर तापलेल्या शहरांची यादी लागली की आमचं नाव त्यात येतंच, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो. त्या दिवसांत इन्सुलिन गाडीच्या डिकीत ठेवणं म्हणजे त्याचा काढा करणं.

खोलीतल्या छोट्या फ्रीजची गंमत अशी की तो दिसतो, पण असतोच असं नाही. दारापाशी एक खाच असते. त्यात किल्लीचं कार्ड घातलं की खोलीला वीज येते, काढलं की सगळं बंद. दिवे बंद, एसी बंद आणि फ्रीजही बंद. म्हणजे तुम्ही दिवसभर देवदर्शनाला गेलात की तुमचं इन्सुलिन बंद कपाटात घामाघूम होत बसतं. ह्यावर ह्यांनी उपाय शोधला. बऱ्याच हॉटेलांतल्या त्या खाचेला कार्ड कोणतं ते कळत नाही, आत काहीतरी खुपसलेलं असलं की झालं. तेव्हा हे खोलीत शिरल्या शिरल्या एसटीचं आपलं जुनं ओळखपत्र त्या खाचेत घालतात. निवृत्त झालेल्या माणसाच्या ओळखपत्रावर एसी आणि फ्रीज दोन्ही दिवसभर चालतात. नोकरीत असताना त्याच्यावर कँटीनचा चहासुद्धा लवकर मिळत नव्हता, असं हे सांगतात.

जिथे खोलीत फ्रीज नाही तिथे मॅनेजर मोठ्या मनाने "किचनमध्ये ठेवतो" म्हणतात. एका थंड हवेच्या ठिकाणी असंच झालं. आचारी बिचारा फार जबाबदार माणूस. किमती औषध खराब होऊ नये म्हणून त्याने ते साध्या फ्रीजमध्ये न ठेवता डीप फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्याला टेकवून ठेवलं. सकाळी पेन हातात आलं ते दगड होऊन. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वरून चांगलं दिसलं तरी वापरायचं नसतं, सरळ फेकायचं. आचाऱ्याला हे पटेना. "बघा ना, पाणी झालं परत!" म्हणून तो पेन उन्हाकडे धरून दाखवत होता.

तेव्हापासून ह्यांच्या पाकिटात एक कार्ड असतं. त्यावर औषधाचं कंपनीचं नाव नाही, मूळ नाव, कारण आपली कंपनी परगावच्या मेडिकलमध्ये मिळतेच असं नाही. खाली लाल शाईत मोठ्या अक्षरांत: बाटली ४० युनिट, पेन १००. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० चं. बाटली घेतली तर सिरिंज चाळीसचीच हवी. अनोळखी गावात, अर्ध्या शटरच्या मेडिकलमध्ये, झोपेतून उठवलेल्या पोराकडून औषध घेताना एवढी एक ओळ फार कामाची. बाकी गोष्टींत हे अति करतात, इथे करत नाहीत.

माठाचा प्रयोग मात्र अति होता. आमच्या गावात कॅमेऱ्याला ट्रॉली परवडत नाही म्हणून सायकल ढकलत सिनेमे काढणारी माणसं झाली. त्याच हवेत वाढलेले हे. त्यांनी मातीची दोन मडकी घेतली, एकात एक बसवली, मधल्या फटीत ओली वाळू भरली, वर ओलं पांढरं फडकं बांधलं. आत इन्सुलिन. पाणी उडत जातं तसं आतलं थंड राहतं. मालेगावच्या कोरड्या उन्हाळ्यात हे खरोखर छान चालतं. ते घेऊन आम्ही नाशिकला गेलो, पंचवटीत उतरायला. साठी ओलांडलेलं जोडपं, चेहरे प्रवासाने उतरलेले, नवऱ्याच्या दोन्ही हातांत छातीशी धरलेलं मडकं, वर पांढरं फडकं. काउंटरवरचा पोरगा उभाच राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ते खोलीत नेता येणार नाही. रामकुंडावर गुरुजी सकाळी सहापासून असतात."

ह्यांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "सकाळी सहाला नको, हिला साडेसातला लागतं."

मी पदर तोंडात धरून बाहेर गेले. पोराला वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्याने खोलीचे दोनशे रुपये कमी केले, आणि ते आम्ही का परत केले नाहीत याचं उत्तर ह्यांच्या वहीत नाही. कोकणात नेल्यावर मडक्याने पूर्ण हात टेकले. दमट हवेत पाणी उडत नाही, वाळू नुसती ओली राहते. वर चादरीवर वाळू सांडली ती निराळीच.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या साखरपुड्याला इंदूरला जायचं ठरलं. साखरपुडा आणि तोही इंदुरात, म्हणजे माझ्यासाठी दोन्हीकडून सापळा. पण आग्रा रोड घरापासून हाकेच्या अंतरावर, गाडी स्वतःची. निघालो. धुळं मागे पडल्यावर संध्याकाळी एका ढाब्यावर थांबलो. तिथे ह्यांची खरी कला दिसली. मला बाजेवर बसवून हे थेट भटारखान्यात. तवा तापलाय का, पीठ मळलेलं आहे का, बाईंच्या हाताला वेग किती, सगळं पाहून आले. "भाकरी किती वेळात?" विचारलं तर कोणीही दहा मिनिटं म्हणतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे गाडी सोडत नाहीत. मग भटारखान्याच्या दारातून, पंचवीस फुटांवरून, आगारातल्या त्याच आवाजात, "टोच गं!"

चार ट्रक ड्रायव्हर घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी पदराआड पोटाला पेन लावलं, बटण दाबलं, दहापर्यंत मोजलं. बरोबर अठ्ठाविसाव्या मिनिटाला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा आणि ताकाचा तांब्या. शेवभाजी शेजारच्या बाजेवर. तेलाचा तवंग बघूनच मी नजर फिरवली. त्या जेवणानंतर दोन तासांनी शुगर एकशे पंचेचाळीस. मला विचाराल तर बाजरीची भाकरी आणि भाजी मिळणारा ढाबा हे आमच्यासाठी पंचतारांकित. पण तिथे उतरायची सोय बाजेपलीकडे नाही.

इंदूरचं हॉटेल मुलाकडच्यांनी बघितलेलं. लॉबीत धबधबा. बुफे साडेसातला, असं तिथल्या साहेबांनी दोनदा सांगितलं. मी सातला टोचून खाली गेले. बुफेवर आठ-दहा चकचकीत भांडी ओळीने मांडलेली. एकाचं झाकण उचललं, आत वाफाळतं पाणी. दुसऱ्याचं उचललं, वाफाळतं पाणी. तिसऱ्यावर "उपमा" अशी पाटी होती आणि आत तेच. तयार काय होतं? कॉर्नफ्लेक्स, तीन रंगांची सरबतं, जॅम, कलिंगडाच्या फोडी आणि कोपऱ्यातल्या कढईवर जिलेबी. इंदूरचा हलवाई पहाटे उठतो. अख्ख्या हॉटेलात वेळेवर ड्यूटीवर हजर असलेला तो एकटाच.

"पोहा कब आएगा भैया?"

"बस, आ ही रहा है."

पावणेआठला हात थरथरायला लागले. हे पर्स आणायला खोलीकडे पळाले, ग्लुकोज तिथेच राहिलं होतं, आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर एका वऱ्हाडाने धरून ठेवलेली. मी हलवायापुढे जाऊन ताटली धरली. जिलेबी गरम होती, कुरकुरीत होती, पाकाने टपटपत होती, आणि मी ती औषध म्हणून खाल्ली. कित्येक वर्षांनी कोणाची चोरी न ठेवता, भर सभेत, डॉक्टरी आधाराने. हे धापा टाकत आले तोवर दुसरी अर्धी संपली होती. बोट टोचलं, त्र्याहत्तर. "खाल्ल्यावर?" त्यांनी विचारलं. "खाल्ल्यावर," मी म्हणाले, आणि उरलेली अर्धी खाल्ली. मग पोहे आले. वर शेव, जिरावण, डाळिंबाचे दाणे. वहीत फरकाच्या रकान्यात पस्तीस मिनिटं आणि शेरा: "प्रवाशाने खाजगी वाहनाने प्रवास केला."

साखरपुडा मला फार आवडला.

रात्रीचं वेगळंच. शुगरवाल्या माणसाला रात्री उठावं लागतं, आणि हॉटेलांच्या खोल्या रात्री उठणाऱ्यांसाठी बांधलेल्या नसतात. उशाशी बारा बटणांची पाटी. एक दाबलं की छतातले सगळे दिवे, दुसरं दाबलं की पडदे सरकायला लागतात, तिसऱ्याने टीव्ही. बाथरूमचा दिवा बाथरूमच्या बाहेर, कपाटामागे. हे झोपेतून दचकून उठतात आणि विचारतात, "कुठली लागली?" त्यामुळे मी आता संध्याकाळीच बटणांची तालीम करून ठेवते. आणि गीझरचं पाणी आधी कोपराने बघते, पायाने नाही. शुगर जुनी झाली की तळव्यांना चटका उशिरा कळतो. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवरही मोजे घालूनच जाते. चांदवडच्या रेणुकामातेपुढे एकदा एक आजी म्हणाल्या, "देवापुढं मोजे गं?" ह्यांनी परस्पर उत्तर दिलं, "देवीला चालतं, डॉक्टरांना अनवाणी चालत नाही."

जेवणानंतर शतपावली हवीच. चालल्याने जेवणानंतरची चढलेली शुगर उतरते. पण परगावी रात्री दहाला रस्त्यावर कुठे जाणार? मग आम्ही कॉरिडॉरमध्ये चालतो. गालिचा जाड, दोन्हीकडे बंद दारं, शेवटाला जाऊन परत. चौथ्या फेरीला लिफ्टमधून सिक्युरिटीवाला येतो. कॅमेऱ्यात त्याला दोन म्हातारी माणसं प्रत्येक दारापुढून हळूहळू जाताना दिसलेली असतात. "कुछ ढूँढ रहे हो क्या अंकल?" हे म्हणतात, "हिची शुगर उतरवतोय." तो आमच्याबरोबर दोन फेऱ्या मारतो आणि तिसरीला त्याच्या वडिलांच्या पायाची जखम सांगायला लागतो.

हे मात्र सगळीकडे होतं. ह्यांच्या पुकाऱ्याचा मला राग यायचा, पण पुकाऱ्यानंतर कोणीतरी हळूच जवळ येतंच. वेटरची आई, ड्रायव्हरचा भाऊ, खोली झाडणाऱ्या मावशी स्वतः. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि त्याच्या उंबरठ्यावरचे आणखी १३ कोटी ६० लाख निघाले. पहिला नंबर गोव्याचा, मोठ्या माणसांत २६.४ टक्के. म्हणजे पर्यटनाच्या राज्यात प्रत्येक चौथा माणूस आमच्यातला. तरीही हॉटेलांच्या मेनूत आमच्या वाट्याला काय येतं? ब्राऊन ब्रेड आणि "शुगर फ्री" अशी चिठ्ठी लावलेला मैद्याचा केक. रेल्वेने निदान २०२२ साली मधुमेह्यांच्या जेवणाला कागदावर मान्यता दिली, विमान कंपन्यांकडे आमच्यासाठी डीबीएमएल असा चार अक्षरी कोडही आहे. जमिनीवरच्या हॉटेलांना अजून कोड सापडायचाय. मला कोडही नको आहे. एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मटकीची उसळ, बिनसाखरेचा चहा, आणि साडेसात म्हणजे साडेसात.

आणि वापरलेल्या सुया खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका हो. ती पिशवी हाताने दाबून बांधणारी एखादी मावशी असते. मी जाड प्लॅस्टिकची बाटली बरोबर ठेवते, टोपण घट्ट लावते आणि घरी आणून दवाखान्यात देते.

पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला जायचं आहे. काल फोन केला. नाश्त्याचं विचारलं, फ्रीजचं विचारलं, चहाचं विचारलं. पलीकडचा तरुण आवाज थांबला. "मॅडम, तुम्हाला शुगर आहे का? राग मानू नका. आमच्या आईची परवा तपासली. उपाशीपोटी दोनशे बारा आली. ती म्हणते, मला काही त्रास नाही, मी गोळ्या घेणार नाही." मग आम्ही बराच वेळ बोललो. त्रास नसतो तेव्हाच गोळ्या घ्यायच्या असतात, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करून घ्या, डोळे दाखवा, पाय बघा, आणि जांभळाच्या बियांवर थांबू नका. तो लिहून घेत होता. मधूनच कुठल्या तरी गिऱ्हाइकाला "एक मिनिट सर" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही याच मॅडम, पोहे मी स्वतः सातला करायला लावतो."

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "खोली कितव्या मजल्यावरची?" ते विचारायचं राहूनच गेलं होतं, भाडंही. ह्यांनी काही न बोलता वही उघडली आणि नवीन पानावर लिहिलं: गणपतीपुळे. नाश्ता ७.३० (तोंडी). फ्रीज किचनमध्ये, डीप फ्रीजर नको असं बजावणे. मॅनेजरच्या मातोश्री, फास्टिंग २१२, गोळ्या सुरू झाल्या का ते पोचल्यावर विचारणे.